भिंतीवरचे हात

नवसाबाईच्या तोंडाला कुलूप घालणं तिच्या सासूला जमलं नाही, नवऱ्याला जमलं नाही, आणि काळारामाच्या दरवाजात हार विकायला बसणाऱ्या बायांना तर वीस वर्षांत जमलं नव्हतं. ते जमवलं खलीलनं. त्यानं तिला रामाचीच शपथ घातली आणि म्हणाला, "मावशी, पाहणीच्या दिवशी बोलेन तो मी. तुम्ही तोंडातून अक्षर काढायचं नाही. तुम्ही बोलायला लागलात की समोरचा माणूस भाडं विसरून तुमच्याशी भांडत बसतो." नवसाबाईला राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं. तिनं शपथ घेतली.

खलील हा नवसाबाईच्या चाळीतल्या बिलकिसचा धाकटा भाऊ. मामलेदार कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली शाईची बाटली आणि लाकडी पेटी घेऊन तो बसायचा आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. इतरांकडून दोन आणे घ्यायचा; बहिणीच्या चाळीचं काम मात्र फुकट. त्यानं घेतलं असतं तरी दिलं कोणी असतं हा प्रश्नच होता, कारण केशरबाईच्या चाळीत सगळ्यांचं हातावर पोट.

कथडा या वस्तीच्या कडेला असलेली ही चाळ एका तांब्याच्या भांड्यांच्या व्यापाऱ्यानं बांधली होती. प्लेगाच्या साथीनंतर गावातली बरीच घरं पाडली गेली, माणसं नदीकाठी झोपड्या घालून राहिली. तेव्हा या शेठजींनी आईच्या नावानं चौदा खोल्या उठवल्या आणि एक धर्मादाय ट्रस्ट करून दिला. गरिबाला परवडेल एवढंच भाडं घ्यायचं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं म्हणतात. शेठजी गेले, त्यांचा मुलगा मुंबईला गेला, आणि चाळ राहिली रावजी कारभाऱ्याच्या ताब्यात. रावजी दर महिन्याच्या दोन तारखेला छत्री घेऊन यायचा, सव्वा रुपया घ्यायचा आणि जायचा. वर कौलं आहेत की आभाळ आहे हे त्यानं कधी मान वर करून पाहिलं नाही.

सन चौतीसच्या नवरात्रात याच रावजीनं नळाशेजारच्या भिंतीला एक कागद ठोकला. चाळीत वाचता येणारं कोणी नव्हतं, म्हणून दोन दिवस तो कागद तसाच फडफडत राहिला. शेवटी खलील बहिणीकडे जेवायला आला तेव्हा त्यानं तो मोठ्यानं वाचला. 'चाळीच्या दुरुस्तीवर झालेला मोठा खर्च लक्षात घेता,' एवढं वाचून होतंय तोच चाळ हसायला लागली. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा चिमाजी तर म्हणाला की कागद चुकून आपल्याकडे आलाय, दुरुस्ती झालेली चाळ कुठंतरी दुसरीकडे असेल, तिकडे पोचता करा. मग खलीलनं पुढची ओळ वाचली. दिवाळीपासून भाडं दोन रुपये. न देईल त्यानं खोली सोडावी. त्यावर कोणी हसलं नाही.

नवसाबाई तर त्या दिवशी जेवलीच नाही. मंदीचे दिवस होते. रामाला लोक अजून हार घालत होते, पण दोनऐवजी एक, आणि तोही घासाघीस करून. वरचे बारा आणे आणायचे कुठून? खोली सुटली तर जायला एकच जागा होती, गिरणाऱ्याला पुतण्याकडे. पुतण्या वाईट नव्हता, सूनबाईही वाईट नव्हती. पण लग्नापासून नवसाबाई कायम दुसऱ्याच्याच घरात राहिली होती. आधी सासूच्या, मग दिराच्या, मग भावाच्या. या नऊ नंबरच्या खोलीची किल्ली ही तिच्या कमरेला लागलेली पहिली किल्ली. रात्री कुशीवर वळताना ती टोचायची, आणि टोचली की नवसाबाईला बरं वाटायचं. ती किल्ली रावजीच्या हातात परत द्यायची या विचारानं तिचा जीव गलबलून जाई, आणि हे तिनं एवढी बडबडी असून कोणाला सांगितलं नव्हतं.

खलीलनं अर्ज मात्र असा लिहिला की ऐकताना चाळीला स्वतःचीच कीव आली. अकरा वर्षांत चाळीला ट्रस्टचा हात लागलेला नाही. पावसाळ्यात तीन खोल्यांत छत्री उघडून स्वयंपाक होतो. भिंतींना अशा भेगा आहेत की या खोलीतल्या फोडणीनं त्या खोलीतला माणूस शिंकतो. खाली चौदा अंगठे उठले. तो अर्ज रावजीला न देता त्यानं थेट ट्रस्टच्या अध्यक्षांच्या घरी नेऊन दिला. अध्यक्ष होते धोंडीराम नाना, सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. नानांनी निरोप पाठवला की दसऱ्यानंतरच्या रविवारी मी स्वतः येऊन पाहीन. अर्जात आहे तसं दिसलं तर भाडं वाढणार नाही, आणि अर्ज खोटा निघाला तर अर्ज लिहिणाऱ्याला पुन्हा माझ्या दारात उभं करू नका.

खलीलला याहून जास्त काय हवं होतं? त्यानं चाळीला नळापाशी गोळा केलं आणि बजावलं की आता काही करू नका. भिंत पडत असेल तर पडू द्या, कौल घसरत असेल तर घसरू द्या. आहे ते आहे तसं नानांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. एवढं सांगून तो मालेगावला चुलतभावाच्या लग्नाला गेला. रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं परत येतो म्हणाला.

माणूस हुशार, पण इथंच चुकला. चाळीला पाच दिवस एकटं सोडायला नको होतं.

बुधवारी नवसाबाई पाण्याची घागर घेऊन नळावरून येत होती. येता येता थांबली आणि आपल्या खोलीकडे तिनं नानांच्या डोळ्यांनी पाहिलं. दारालगतच्या भिंतीत मुठीएवढं भोक होतं आणि त्यात तिनं जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला होता. रोज बघून बघून तो तिला दिसेनासा झाला होता, तो आज दिसला. एवढा मोठा माणूस दारी येणार, आणि त्याला आपण बोळा दाखवणार? तिच्या माहेरी, टाकळीच्या मळ्यात, तलाठी यायचा असला तरी अंगण सारवून रांगोळी पडायची, मग तो शेतसारा वसूल करायला का येईना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत तिनं नदीकाठची पिवळी माती आणली, शेण कालवलं आणि तेवढं एक भोक लिंपलं. खलीलनं शपथ तोंडाची घातली होती, हाताची घातली नव्हती, अशी तिनं स्वतःची समजूतही काढली.

पण लिंपलेला तुकडा बाकीच्या भिंतीत उठून दिसायला लागला. म्हणून तिनं पूर्ण भिंत सारवली. ते शेजारच्या बिलकिसनं पाहिलं. एका भिंतीच्या दोन बायका. एकीची बाजू लखलखीत आणि दुसरीची पोपडे धरलेली, हे बिलकिसला कसं सोसावं? तिनं संध्याकाळपर्यंत आपली बाजू केली. गुरुवारी चिमाजीनं मुकादमाला विचारून भट्टीवरचा उरलेला चुना आणला आणि चाळीच्या पुढच्या अंगाला हात मारला. बिलकिसचा नवरा नियाज मागावर लुगडी विणायचा. त्यानं माग थांबवून चिमाजीबरोबर वर चढून कौलं चाळली, फुटकी काढली, कामावरून आणलेली बरी कौलं बसवली. शुक्रवारी तर कोण मागे राहतोय अशी चढाओढ लागली. सात नंबरच्या ठमाबाईनं दाराला गेरू फासला. दसऱ्याचा झेंडू उरला होता, त्याची नवसाबाईनं चौदा दारांना चौदा तोरणं केली. सगळ्यांना खलीलचं बोलणं आठवत होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानं थोडं नीटनेटकं केलं तर काय बिघडतंय. पडकं दाखवायला बाकीच्या तेरा खोल्या आहेतच.

आणि शनिवारी शेवटचा हात फिरल्यावर नवसाबाईनं माहेरची रीत केली. तिच्या आजीचं म्हणणं असं की ज्यानं भिंत सारवली त्यानं तिच्यावर आपला पंजा उठवावा, म्हणजे भिंत माणसाला ओळखते आणि त्याच्यावर पडत नाही. तिनं गेरूत हात बुडवला आणि दाराशेजारी उमटवला. तिची करंगळी तरुणपणी गवत कापताना विळ्यानं चिरली होती आणि वाकडीच जुळली होती. भिंतीवरही ती तशीच वाकडी आली. बिलकिसला ते फार आवडलं. मग ठमाबाईचा हात उठला, चिमाजीचा फावड्यासारखा उठला, आणि नियाजनं आपला हात सुताच्या निळ्या रंगात बुडवून लाल पंजांच्या रांगेत एक निळा पंजा उठवून दिला. संध्याकाळी चौदा खोल्यांच्या पांढऱ्या भिंतींवर हातच हात होते, आणि चाळ इतकी देखणी दिसत होती की पलीकडच्या गल्लीतली माणसं बघायला आली.

रविवारी सकाळी खलील मोटारीतून उतरून थेट चाळीत आला. दारातच उभा राहिला. तोरणं पाहिली, रांगोळ्या पाहिल्या, कौलं पाहिली. मग नळाच्या ओट्यावर बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"अकरा वर्षांत चाळीला हात लागला नाही असं मी लिहिलंय," तो इतकंच म्हणाला. "आता नानांना काय सांगू?"

तेव्हा कुठं चाळीच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. चिमाजी म्हणाला की हवं तर वर चढून पाच-सहा कौलं काढून टाकतो, पण त्याचा आवाज पडलेला होता, आणि आपल्या हातानं बसवलेलं कौल त्यानं काढलं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं.  पहिला बोळा नवसाबाईनं काढला होता. तिच्यामुळे चौदा बिऱ्हाडं उठणार होती, आणि वर या भल्या पोराचं नाव खोटं पडणार होतं. तिला रडू फुटलं. खलीलनं तिच्याकडे पाहिलं आणि रागवायचं सोडून दिलं. "असू द्या मावशी," तो म्हणाला. "फक्त शपथ तेवढी पाळा."

नानांचा टांगा दहा वाजता आला. नाना उंच, पांढऱ्या मिशांचे, हातात काठी. मागून रावजी छत्री घेऊन. रावजी आला तो तोंड उतरवूनच आला होता. अर्जाची भानगड त्याला कळली होती आणि आज आपली धडगत नाही अशी त्याची खात्री होती. पण चाळीच्या तोंडाशी येताच त्याचे पाय थबकले. डोळे विस्फारले. आणि दोन पावलं टाकेपर्यंत त्याचा चेहरा असा खुलला की नवसाबाईला त्याच्या तोंडावर शेणाचा गोळा मारावासा वाटला.

"बघा नानासाहेब," रावजी छत्रीनं भिंत दाखवत म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? हीच ती दुरुस्ती. चुना, कौलं, गिलावा, सगळं नव्यानं करून घेतलंय. आणि हे लोक अर्ज करतात की हात लागला नाही."

नानांनी काठीनं भिंत ठोकून पाहिली. चाळीकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, आणि मग खलीलकडे. खलील सांगायला लागला की हे लोकांनी स्वतः केलं आहे, चार दिवसांत केलं आहे, पण ते त्याच्या स्वतःच्याच कानांना खोटं वाटत होतं. भाडं वाढू नये म्हणून भांडणारी माणसं पाहणीच्या आधी मालकाची चाळ फुकट दुरुस्त करून ठेवतात, यावर कोणता ओव्हरसियर विश्वास ठेवील? नानांनी हातानंच त्याला थांबवलं. रावजी हळूच म्हणाला की हा माणूस अर्जाचे पैसे घेतो, तो असंच बोलणार.

 मोठ्या माणसापुढे चाळीची जीभच उचलत नव्हती. आणि जिची एरवी उचलली असती, ती शपथेनं बांधलेली. नवसाबाईनं ओठ दातांखाली धरले होते. तिच्या तोंडाशी अशी एकेक शिवी येऊन परत जात होती की तिला घाम फुटला. रावजी आपला तिच्या खोलीपुढे येऊन तिनं सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवत होता आणि नानांना सांगत होता की या कामाला मी गंगापूरहून गवंडी आणवले होते.

तेवढं मात्र तिला ऐकवलं नाही. ती पुढं झाली. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, रावजीला बाजूला सारलं, उजवा हात उचलला आणि भिंतीवरच्या लाल पंज्यावर ठेवला. बोटावर बोट बसलं. वाकडी करंगळी वाकड्या करंगळीवर बसली. ती नानांकडे बघत तशीच उभी राहिली. बोलली नाही.

नाना वाकले. त्यांनी चष्मा नीट केला आणि तिची करंगळी पाहिली, मग भिंतीवरची पाहिली.

तोवर बिलकिस आपल्या दारापाशी गेली होती आणि तिनं आपला हात भिंतीवर ठेवला. मग ठमाबाईनं ठेवला. चिमाजीनं आपला फावड्यासारखा पंजा ठेवला. नियाजचा पंजा उंचावर होता, त्यानं टाचा उंचावून आपला हात निळ्या पंज्याला टेकवला. त्याच्या नखांतून निळा रंग अजून गेला नव्हता. एकेक करत आख्खी चाळ आपापल्या भिंतीशी जाऊन हात लावून उभी राहिली.  तोरणातल्या झेंडूवर माश्या घोंघावत होत्या तेवढाच आवाज.

खलीलला आता बोलायला जोर आला. "नानासाहेब, हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला. "पाहुणा येणार म्हणून यांनी घर आवरलं. मी नको म्हणून सांगून गेलो होतो. मी एवढं लिहायला शिकलो, पण यांच्या दारी कोणी येणार असलं की हे गप्प बसणार नाहीत, एवढं मला कळायला हवं होतं."

नाना चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. प्रत्येक हातापाशी थांबले. परत आले तेव्हा त्यांच्या मिशा हलत होत्या. हसू आवरत होते की दुसरं काही, ते कळलं नाही.

"रावजी," ते म्हणाले, "यातला तुमच्या गंगापूरच्या गवंड्याचा पंजा दाखवा."

रावजीनं भिंतीकडे पाहिलं, मग छत्रीकडे पाहिलं. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी त्यानं ती उघडली.

नानांनी नळाजवळचा कागद स्वतः उपटून काढला. भाडं सव्वाच राहील म्हणाले. चुना आणि कौलं यापुढं ट्रस्ट आणील, आणि कौलं बसली की नाही ते मी दर वर्षी दसऱ्याला येऊन बघेन. रावजीला त्यांनी दुपारी घरी बोलावलं. त्या दुपारी काय झालं ते कथड्यात कोणाला नक्की कळलं नाही, पण पुढच्या दोन तारखेला भाडं न्यायला दुसराच माणूस आला आणि त्यानं आल्या आल्या मान वर करून कौलं पाहिली.

टांग्यात चढता चढता नाना थांबले आणि त्यांनी नवसाबाईकडे बोट करून खलीलला विचारलं की या बाई जन्मापासून मुक्या आहेत का. त्यावर मात्र चाळीला हसू आवरेना. चिमाजीला तर ठसका लागला. खलीलनं शपथेची हकीकत सांगितली आणि म्हणाला, "मावशी, सोडली शपथ. बोला आता काय ते."

नवसाबाईच्या मनात सकाळपासून साठलेलं पुष्कळ होतं. रावजीच्या सात पिढ्या त्यात होत्या. पण आता तोंड उघडलं तेव्हा ते सगळं कुठं गेलं कोण जाणे. तिचा हात आपोआप कमरेच्या किल्लीवर गेला आणि डोळे भरून आले.

"नाना, पुढल्या साली तुमचे गवंडी चुना मारतील ना," ती म्हणाली, "तर त्यास्नी सांगा, आमच्या हातावरून मारू नका. तेवढी जागा सोडा. ह्या भिंती आता आमाला वळखत्यात."